सिस्टरशी बोलून आवाज कमी होतील का?

प्रश्न : ताई, आम्ही नागपुरात नंदनवनला राहतो. धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षेची तयारी करता करता त्याचं सगळं बिनसलं. त्याला दोन माणसांचे आवाज ऐकू येतात. एक सारखा शिव्या घालतो, 'काही कामाचा नाहीस' म्हणतो. दुसरा धमकावतो, 'घराबाहेर पाय ठेवलास तर तुझी आई मरेल.' डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं. गोळ्यांनी झोप लागली, आदळआपट थांबली, पण आवाज आहेतच. आई सोबत असली तरच तो बाहेर पडतो. आता डॉक्टर म्हणतात, मनोविकार विभागातल्या एक सिस्टर दर आठवड्याला तासभर त्याच्याशी या आवाजांबद्दल बोलतील, कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे मनातल्या समजुती बोलून तपासण्याचा उपचार देतील. आई ऐकायला तयार नाही. 'डॉक्टरच्यानं झालं नाही ते नर्सच्यानं का होनार? अन् त्याले त्या आवाजाचं इचारू नका, आनखी डोक्यात बसते,' असं तिचं म्हणणं. ती त्याला ताजबागच्या दर्ग्यात नेते. मी काय करू? बोलून आवाज वाढले तर? गोळ्या बंद होतील का? आणि घरी तो एकटाच कुणाला तरी उत्तरं देत बसतो, तेव्हा मी काय बोलायचं?
– एक बहीण, नागपूर

ताई, भावाला सिस्टरांकडे पाठवा. याच आठवड्यात वेळ ठरवून टाका, आईंचं मन वळेपर्यंत थांबू नका.

मी स्वतः मनोविकार वॉर्डात सिस्टर म्हणून काम केलेलं आहे, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं वाटेल. म्हणून जे तपासून पाहिलं गेलंय तेच आधी सांगते. ब्रिटनमध्ये डॉ. डग्लस टर्किंग्टन, डॉ. डेव्हिड किंग्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका तुमच्या आईंचाच प्रश्न अभ्यासाला घेतला होता. नर्सच्यानं हे होईल का? वस्तीत जाऊन रुग्ण सांभाळणाऱ्या मनोविकार नर्सेसना त्यांनी १० दिवस कसून शिकवलं, पुढेही त्यांच्या कामावर अनुभवी माणसांची देखरेख ठेवली. अभ्यासात ४२२ रुग्ण होते. त्यातल्या २५७ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत या नर्सेसनी दोन-तीन महिन्यांत सहा बैठका दिल्या, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. २००२ साली निष्कर्ष छापून आले. बैठका मिळालेल्यांची एकंदर लक्षणं जास्त सुधारली, उदासी उतरली, आपल्याला काय होतंय याची समज वाढली. आजाराची समज आली की माणूस कधी कधी खचतो, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, ही भीती डॉक्टरांनाही असते. ते विचार वाढले नाहीत.

वर्षभरानंतर पुन्हा पाहणी झाली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. समज टिकून होती. आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, आणि ज्यांना भरती व्हावं लागलं ते दवाखान्यात कमी दिवस राहिले. मात्र आवाज आणि भ्रम यांच्या बाबतीत वर्षाअखेर दोन्ही गटांत फरक उरला नव्हता, कामधंद्याला लागण्यातही नव्हता. नंतरच्या अभ्यासांतूनही या उपचाराचा फायदा माफकच दिसलाय. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचना तर किमान १६ बैठका द्या म्हणतात, म्हणजे सहा हा तसा आखूड हिशोब. सहा बैठकांत भाऊ पहिल्यासारखा होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तुम्ही म्हणाल, आवाज राहणारच असतील तर हा खटाटोप कशाला?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी थांबून वाचलं. 'आई सोबत असली तरच तो बाहेर पडतो.' तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण सगळा गुंता तिथेच आहे. आवाज म्हणतो, बाहेर गेलास तर आई मरेल. तो घरात बसतो, आई जिवंत असते. त्याच्या मनात याचा अर्थ काय लागतो? मी ऐकलं म्हणून आई वाचली. आईसोबत बाहेर गेला, डोळ्यांसमोर ती धडधाकट आहे, तरीही अर्थ तोच, मी सोबत होतो म्हणून वाचली. आवाज खोटा पडण्याची संधीच त्याला मिळत नाही. दोन वर्षं रोज तो त्या आवाजाची आज्ञा पाळतोय आणि दर दिवशी त्याची खात्री आणखी घट्ट होतेय. पोराला आळस नाही की हट्ट नाही, आईला जिवंत ठेवण्याची ड्यूटी करतोय तो. गोळीनं त्याची झोप सुधारली, घालमेल कमी झाली, पण 'मी ऐकलं म्हणून आई वाचली' हा हिशोब गोळी मांडून दाखवू शकत नाही. तिथे माणूस लागतो.

पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवुड या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हेच मांडलं. आवाज काय बोलतो त्यापेक्षा ऐकणारा त्याला किती ताकदवान समजतो, त्याचा हेतू काय समजतो, यावर त्रास अवलंबून असतो. चौकातला टपोरी रोज धमकी देतो, पण त्याच्या हातात काही नाही हे एकदा कळलं की आपण त्याच्यासाठी रस्ता बदलत नाही. तो तिथेच उभा असला तरी. सिस्टरांचं काम या ताकदीच्या समजुतीवर चालतं.

बैठकीत प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, म्हणजे आईंनाही सांगता येईल.

पहिल्या एक-दोन बैठका ओळखीतच जातात. आवाजांना थेट हात घालत नाहीत. चहा घेतलास का, झोप किती झाली, तयारी कुठल्या परीक्षेची होती. मग हळूहळू बारीक चौकशी. किती जण बोलतात? बाईचा की पुरुषाचा? कुठून येतो, डोक्यातून की भिंतीपलीकडून? सकाळी जास्त की दिवस कलल्यावर? तू काय करत असताना वाढतो, काय करत असताना मंदावतो? बहुतेक रुग्णांना हे आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारतं. घरचे 'तिकडे लक्ष देऊ नको' म्हणतात, ओपीडीत गर्दी इतकी की 'आवाज आहेत का, कमी आहेत का' एवढ्यावर विषय आटोपतो. नीट विचारल्यावर कळतं की आवाजांना वेळ असते, ठिकाण असतं, बऱ्याचदा कारणही असतं. वहीत टाचण ठेवायला देतात. दोन आठवड्यांचं टाचण पाहिलं की पोरगा स्वतःच म्हणतो, दुपारी सगळे झोपले की जास्त येतात, किंवा पाहुणे येऊन 'निकाल काय लागला' विचारून गेले की येतात. आजपर्यंत आवाज जे ठरवेल ते व्हायचं. आता तो स्वतः त्यांच्यावर नजर ठेवू लागतो.

त्याच वेळी त्याला सांगितलं जातं की आवाज ऐकू येणारा तू जगावेगळा नाहीस. साध्या लोकसंख्येतही शंभरातल्या पाच-दहा जणांना आयुष्यात कधीतरी असे आवाज येतात, आणि त्यातल्या बहुतेकांना स्किझोफ्रेनिया नसतो. जागरणानं येतात, तापात येतात, दुःखात येतात. १९७१ मध्ये डॉ. डेवी रीस यांनी वेल्समधल्या विधवा आणि विधुरांना विचारलं, तर जवळजवळ निम्म्या लोकांनी सांगितलं की गेलेला जोडीदार आसपास असल्याचं जाणवलं; काहींनी त्याचा आवाजही ऐकला होता. आपल्याकडे तर हे कुणाला नवीन वाटू नये. 'वेडा' या शिक्क्याखाली दबलेल्या पोराला एवढं ऐकूनही मोकळं वाटतं.

मग हिशोब तपासायला घेतात. 'बाहेर गेलो तर आई मरेल, याची तुला शंभरातली किती खात्री?' तो म्हणेल, ९५. सिस्टर त्याला खोटं ठरवत नाहीत. 'मग आपण दोघं मिळून बघू या का, थोडंसं?' एवढंच. पहिल्यांदा फाटकापर्यंत, आई स्वयंपाकघरात, दोन मिनिटं. आधी वहीत खात्रीचा आकडा लिहायचा, परत आल्यावर आई कशी आहे ते लिहायचं, मग आकडा पुन्हा लिहायचा. ९५ चे ९० झाले तरी पुष्कळ झालं. पुढच्या खेपेस कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाची पिशवी. मग पानठेल्यापर्यंत. आवाज ओरडणारच, पहिल्या दिवशी तर जास्तच ओरडेल, आणि ते त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. आवाज सर्वज्ञ आहे असं वाटत असेल तर त्याचीही परीक्षा घेता येते. उद्या आई कोणती भाजी करणार, विचार त्याला. उत्तर कागदावर लिहून ठेव. आठवडाभर लिहिल्यावर कागदच सांगतो, आईचं मरण माहीत असणाऱ्याला वांगी की पालक हे माहीत नाही. काही जणांना मोबाइलवर रेकॉर्डिंग करायला सांगतात. आवाज बोलत असताना चालू करायचं आणि नंतर सिस्टरांसोबत बसून ऐकायचं. त्यात पंख्याची घरघर आणि त्याचाच श्वास ऐकू येतो. हे मात्र सिस्टरांनीच, योग्य वेळ पाहून करायचं. तुम्ही घरी 'बघ, काही नाही आलं ना!' असं करून दाखवायला जाऊ नका. आपल्याला पकडायला बसलेत असं त्याला वाटेल.

हे सगळं डॉक्टर का करत नाहीत? कारण यात तास जातात, आणि आपल्या देशात लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. पण एवढंच कारण सांगितलं तर सिस्टरांवर अन्याय होईल. वॉर्डात रात्रीच्या पाळीला पेशंट ज्याच्याशी बोलतो ती सिस्टर असते. गोळी हातात ठेवताना, जेवलास का विचारताना, नातेवाइकांची समजूत घालताना तिचा जो सराव झालेला असतो, त्यावरच ही थेरपी उभी राहते. आपल्याकडे साताऱ्यासह गोवा आणि तमिळनाडूत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तर नर्सही नसलेल्या, गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरी जाऊन आधार दिला. २०१४ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सुधारणा थोडी होती, पण नुसत्या दवाखान्याच्या उपचारांपेक्षा जास्त होती. ते काम कॉग्निटिव्ह थेरपीचं नव्हतं, पण डॉक्टरांच्या खुर्चीबाहेरही उपचार होतो हे आपल्याच मातीत दिसलं.

तरीही प्रत्येक सिस्टरला हे येतं असं मी म्हणणार नाही. तुम्ही विचारा, संकोच करू नका. मनोविकार परिचर्येचा वर्षभराचा डिप्लोमा किंवा त्यावरचं शिक्षण झालंय का? या थेरपीचं वेगळं प्रशिक्षण कुठे घेतलं? अडलं तर त्या कुणाला विचारतात? डॉक्टरांना दर काही दिवसांनी कळवतात का? चांगल्या सिस्टरला असे प्रश्न आवडतात. शेवटच्या दोन प्रश्नांना 'कुणालाच नाही' असं उत्तर आलं, तर डॉक्टरांशी बोला. नागपुरात मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानमधलं एम्स आहे. एका ठिकाणी जमलं नाही म्हणून विषय सोडू नका.

'बोलून वाढेल' ही आईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण पूर्वी आम्हालाही तेच शिकवलं जायचं. आवाजांचा विषय काढू नका, पेशंटचं लक्ष दुसरीकडे वळवा. पण या थेरपीचे जनक ॲरन बेक यांनी १९५२ मध्येच अशा एका रुग्णाबद्दल लिहून ठेवलं होतं, ज्याला सरकारी हेर आपल्या मागावर आहेत असं वाटायचं. त्याच्या त्या समजुतीवर शांतपणे बोलत राहिल्यानं तो सुधारला. सुरुवातीच्या काही दिवसांत भाऊ अस्वस्थ होऊ शकतो, दबलेलं वर येतं. सिस्टर त्या बेतानं वेग ठेवतात. कुठल्या दिवशी तो फार हलला असेल तर बैठक थांबवून नुसतं व्हरांड्यात बसणं हाही उपचारच.

गोळ्या बंद होणार नाहीत, आणि करूही नका. बरं वाटतंय म्हणून मनानं बंद केलेल्या गोळ्यांमुळे उलटलेले आजार मी भरपूर पाहिलेत. उलट डॉक्टरांना विचारा की दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊन झाली का. तसं झालं असेल आणि तरीही आवाज तसेच असतील, तर क्लोझापिन नावाचं औषध असतं. त्याला ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं, पण ज्यांना दुसरं काही लागू पडत नाही अशा बऱ्याच जणांना ते लागू पडतं. भाऊ सिगारेट ओढत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. धुरामुळे ओलान्झापिन (याच आजारावरचं आणखी एक औषध) आणि क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातात, आणि सिगारेट एकदम सोडली तर तीच मात्रा जास्त होते. गांजा मात्र अजिबात नको. आवाजांना त्याच्याइतकं खतपाणी दुसरं कशाचं नाही.

आता घरचं. तो कोपऱ्यात बसून उत्तरं देत असतो तेव्हा 'कुणी नाहीये तिथे' म्हणू नका. त्याच्या कानात स्पष्ट येतंय, तुम्ही नाही म्हटल्यावर तो एवढंच समजेल की ताईला सांगण्यात अर्थ नाही. 'हो हो, काय म्हणतोय तो?' असं त्या आवाजाच्या बाजूनंही बोलू नका. सरळ खरं बोला. 'मला नाही ऐकू येत रे, पण तुला येतंय ते दिसतंय. फार त्रास देतोय का?' मग हाताला काम द्या. शेंगा सोलायला, पेपर मोठ्यानं वाचून दाखवायला. मोठ्यानं वाचताना, गुणगुणताना बऱ्याच जणांचे आवाज मंदावतात, कारण आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा मेंदूचे जे भाग काम करतात त्यातलेच काही आवाज येत असतानाही जागे असतात. इअरफोन लावून गाणी ऐकणं चालतं. एका कानात बोळा घालूनही काहींना फरक पडतो. त्याला काय लागू पडतं ते त्याच्या वहीत येऊ द्या. आणि पाहुण्यांना निकाल विचारू देऊ नका, हे काम तुम्हीच करू शकता.

त्याचे आवाज कुणासारखे आहेत, हे कधी विचारलंय का? मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नई, घानामधलं अक्रा आणि कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ इथल्या रुग्णांशी बोलून पाहिलं. चेन्नईतल्या बऱ्याच जणांचे आवाज नातेवाइकांचे होते, घरातलीच कामं सांगणारे, रागावणारे. 'काही कामाचा नाहीस' हे वाक्य तुमच्या घरात, शाळेत, क्लासमध्ये कुणी म्हणत असे का? दोष कुणावर टाकायला विचारू नका. सिस्टरांना ते कळलं तर पहिल्या आवाजाचा धागा हाती लागेल, आणि त्या पोराला परीक्षेच्या पलीकडे काय काय जमतं याची यादी त्या आवाजासमोर ठेवता येईल.

ताजबागवरून आईंशी भांडू नका. ताजुद्दीन बाबांना स्वतः १८९२ मध्ये नागपूरच्याच पागलखान्यात ठेवलं होतं, १९०८ पर्यंत ते तिथे होते, आणि लोक तिथे त्यांच्या दर्शनाला जायचे. आईंना हे सांगा. दर्गा आणि मनोरुग्णालय ही दोन विरुद्ध टोकं आहेत असं या शहराला कधी वाटलेलं नाही. त्यांना दर्शनाला जाऊ द्या, फक्त गोळी चुकवून नाही, उपास घडवून नाही, आणि कुणी झाडफूक, मारहाण, साखळी असलं काही सुचवलं तर एक पाऊलही पुढे नाही. मला तर वाटतं, आईंना तुम्ही एका बैठकीला नेलंच पाहिजे. ब्रिटनच्या त्या अभ्यासातही घरच्यांसाठी वेगळा वेळ राखून ठेवला होता. धमकी त्यांच्या मरणाची आहे, सोबत त्यांचीच लागते, आणि तो फाटकापर्यंत जाईल तेव्हा हातातलं काम न सोडता स्वयंपाकघरात थांबायचंय तेही त्यांनाच. पोरगा एकटा निघाला की त्या धावत मागे गेल्या, तर आवाजाचंच खरं होईल. हे त्यांना सिस्टर माझ्यापेक्षा चांगलं समजावतील.

काही गोष्टी झाल्या तर बैठकीची वाट पाहू नका. आवाज स्वतःला संपवायला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगू लागला, आणि विशेषतः भाऊ 'आता ऐकावंच लागेल' म्हणू लागला. दोन-तीन रात्री झोप नाही. जेवणात विष आहे म्हणून खाणं बंद. गोळ्या थुंकून टाकणं. अशा वेळी आधी घरातली औषधं, फवारणीची बाटली, धारदार वस्तू नजरेआड करा, त्याला एकटं सोडू नका आणि सरळ कॅज्युअल्टीत न्या. आवरत नसेल तर ११२ वर फोन करा. रात्री-अपरात्री नुसता सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्हाला स्वतःला रडू आलं, थकवा आला, तरी तो नंबर तुमच्यासाठीही आहे.

पहिल्या बैठकीला जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी, जुने कागद आणि एक कोरी वही न्या. वही भावालाच निवडू द्या.